लाभ कुणाचा?

एक होता राजा, आणि त्याला दवंडीची भारी हौस. एका वर्षी त्याच्या राज्यात टोळधाड आली. उभी पिकं फस्त झाली. लेकरांच्या बरगड्या दिसायला लागल्या. मग राजानं दवंडी पिटवली, ‘ज्या घरात लहान मूल, त्या घराला दर बाजाराच्या दिवशी सरकारी कोठारातून तीन मापं नाचणी फुकट!’ ढोल वाजला, राजा खूश झाला आणि जेवायला बसला. कोठारात बघायला गेला का? छे! दवंडी पिटली म्हणजे पोटं भरली, असं त्याला वाटायचं.

त्या राज्यात भिवरा नावाची बाई होती. तिची लेक येसू, एवढीशी, नुकते दात आलेली. भिवरा तिला पाठीशी बांधून कोठारात गेली. तिथे होता कोठावळा, म्हणजे कोठार सांभाळणारा. पोट हे एवढं!

आता बरं का, धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. लाभ, दोन, तीन. कोठावळ्यानं पहिलं माप भरलं, “लाभ!” म्हणाला आणि ओतलं आपल्या पोत्यात. मग दोन आणि तीन भिवराच्या पदरात.

“अहो, पहिलं राहिलं की!”

“पहिलं कुठलं? मी ‘एक’ म्हटलं का? लाभ कोठाराचाच असतो, बाई. चल, सरक पुढे!”

येसू भुकेनं रडली. ते रडणं नाचणीच्या राशीत पडलं.

दुसऱ्या बाजारी त्यानं मापाच्या बुडाला मेण थापलं. लाभ त्याचा, वर मापही उणं. येसू रडली, पण बारीक. तेही रडणं राशीत पडलं.

तिसऱ्या बाजारी नाचणीत निम्मा कोंडा. येसूनं तोंड उघडलं, पण आवाजच आला नाही. रडतं पोर भुकेलं असतं, बाळांनो. रडेनासं झालेलं पोर हातचं चाललेलं असतं.

आणि ती चोरलेली पोती? ती मागच्या दारानं थेट राजवाड्यात विकली जायची! राजाचीच नाचणी राजाला.

मग त्या तिसऱ्या बाजाराच्या दुपारी राजानं भाकरीचा घास घेतला. पोटातून आवाज आला, “उंऽ”. दुसरा घास घेतला. “उंऽऽ!” तिसरा घास घेतला, आणि भर पंगतीत “ट्यँहा! ट्यँहा!”

“इश्श! अहो, हे काय?” राणी म्हणाली.

“वात आहे, महाराज. ओवा चावा,” वैद्य म्हणाले.

राजानं ओवा चावला. पोट आणखी रडलं. राजानं चिडून ढोल वाजवायला लावला, तर ढोलाच्या वर रडणं!

भिवरा तेव्हा येसूला घेऊन वाड्यावरूनच चालली होती. तिनं आवाज ओळखला. पहारेकऱ्याला ढकलून ती थेट आत.

“महाराज, हे रडणं माझ्या येसूचं आहे. परत द्या.”

“तुझ्या पोरीचं रडणं माझ्या पोटात कसं?”

“तिच्या तोंडचं खाल्लंत, त्याच्याबरोबर गेलं. उठा, कोठारात चला. पोर थंड पडतेय!”

राजा उष्ट्या हातानं धावला. त्यानं माप घेतलं, मेण खरवडलं, राशीत खुपसलं आणि म्हणाला, “लाभ!”

तशी रास बोलली. शंभर बारीक आवाजांत बोलली, “कुणाचा?”

कोठावळा कानाशी कुजबुजला, “कोठाराचा म्हणा, महाराज. जुनी रीत आहे.”

येसूचे डोळे मिटत होते.

“पोरीचा,” राजा म्हणाला, आणि माप भिवराच्या पदरात ओतलं.

मग तिथेच चूल मांडली, पीठ दळलं, पातळ पेज शिजवली. भिवरानं येसूच्या ओठांना बोट लावलं. काही नाही. पुन्हा लावलं. ओठ हलले. तिसऱ्यांदा लावलं, आणि येसूनं असं भोकाड पसरलं की छपराची कौलं हादरली! राजाचं पोट गप्प झालं.

राजा हुश्श करून निघाला, तर रास पुन्हा बोलली, “आणि आमचा?” मग काय! बाकीच्या पोरांची मापंही त्यानंच घातली, हाताला फोड येईपर्यंत. दर बाजारी घातली.

कोठावळ्याला त्याच्याच पोत्यातल्या नाचणीची भाकरी खायला लावली. राज्यातलं एक जरी पोर उपाशी राहिलं, तरी आता कोठावळ्याचं पोट रडायचं. मग तो सकाळी सकाळी दारोदार फिरायचा. “भिवराबाई, जेवली का हो येसू? ताई, तुमचा जेवला का? अजून एक घास द्या की त्याला, पाया पडतो!”

अशी सगळी पोरं गुटगुटीत झाली, आणि सगळे सुखानं राहिले. तुम्ही जेवलात ना पोटभर? मग वळा कुशीवर, ओढा पांघरूण.