बारवेत बुडालेली नावे

एका राज्यात मणिकेतू नावाचा राजा राज्य करीत होता, आणि त्या राज्यात एक वाईट चाल होती. ज्याच्या हातून मोठा गुन्हा घडे, त्याचे नाव दगडावर कोरीत आणि तो दगड गावाबाहेरच्या जुन्या बारवेत सोडून देत. त्या दिवसापासून त्या माणसाला गुन्ह्याच्याच नावाने हाक मारायची. घर जाळणाऱ्याला म्हणायचे आग, गाय पळवणाऱ्याला म्हणायचे दावे. नाव बुडाले की माणूस बुडाला, असे लोक समजत आणि सुखाने जेवायला बसत.

राजाचा धाकटा भाऊ सुदेव. त्याच्यावर राजाचा फार जीव. किल्ल्याच्या मोठ्या दरवाजात एक लहान दिंडी होती आणि तिच्यावर केरोबा नावाचा म्हातारा दरवान होता. शत्रूने केरोबाला सोन्याचे कडे दिले. त्याने पहाटे दिंडी उघडली आणि सुदेव दारातच मारला गेला. शत्रूला हुसकावून लावले, पण भाऊ गेला तो गेलाच. राजाने केरोबाला तळघरात कोंडले, त्याचे नाव स्वतःच्या हाताने कोरले आणि तो दगड बारवेत असा भिरकावला की पाणी सातव्या पायरीपर्यंत उडाले.

"आजपासून तो दार," राजा म्हणाला. त्याचा द्वेष खरा होता. भाऊ मेल्यावर तो खरा नसता तरच नवल.

दुसऱ्या दिवशी राजाला माणसांचे चेहरे दिसेनासे झाले. मानेवर जिथे चेहरा असायचा, तिथे ज्याचा त्याचा अपराध दिसू लागला. आचाऱ्याच्या मानेवर तुपाची पळी दिसली, पहारेकऱ्याच्या मानेवर झोपेने मिटलेला डोळा, प्रधानाच्या मानेवर कुलूप लावलेली पेटी. राजा घाबरला म्हणाल, तर मुळीच नाही. त्याला वाटले, आत्ता कुठे आपल्याला खरे दिसू लागले! संशयी माणसाला असा शाप म्हणजे देणगीच. "तूपचोरा, ताट आण," "झोपाळू, बाजूला हो," अशा हाका तो मारू लागला. पाणी तिघांकडून चाखवून घेई, त्या तिघांवर नजर ठेवायला चौथा नेमी, आणि चौथ्याच्या मानेवर काय आहे ते पाहून सगळे पाणीच ओतून देई. मग बसे तहानलेला. महालातले आरसे मात्र त्याने झाकून टाकले होते. का, ते त्याने कुणाला सांगितले नाही.

एके सकाळी त्याची आठ वर्षांची आईवेगळी लेक कुंदा धावत आली. तिच्या चिमुकल्या खांद्यांवर राजाला फुटका शंख दिसला. तो सुदेवाचा शंख होता, देवघरातून नाहीसा झालेला. राजा दोन पावले मागे सरला.

"ही माझी मुलगी नव्हे. हे शत्रूने पाठवलेले सोंग आहे. या सोंगाला दूर ठेवा."

कुंदा दाराबाहेर उभी राहून रडली. त्या दिवसापासून तिचा चेहरा दाईलाही अंधुक दिसू लागला, मग मैत्रिणींना, मग पाण्यात वाकून पाहताना तिचा तिलाच. नाक कुठे संपते आणि गाल कुठे सुरू होतो, ते कळेना. दाई तिला जेवू घालताना तोंड चाचपून घास देऊ लागली.

तेव्हा दरबाराच्या खिडकीत एक साळुंकी येऊन बसली. राजाला तिची चोच दिसली नाही, दुसरीच्या घरट्यातून ओढून आणलेली काडी दिसली.

"राजा," साळुंकी म्हणाली, "तू ज्याचे नाव टाकून नुसता दोष बघतोस, त्याचे नाव केरोबाच्या नावामागोमाग बारवेत बुडते. नाव गेले की चेहरा जातो. उद्या सूर्य मावळायच्या आत मुलीचे नाव वर काढ. नाहीतर तिचा चेहरा पुन्हा कुणालाच दिसणार नाही."

"तुला कोणी पाठवले?"

"कोणी नाही. डाळिंबे दिसली म्हणून आले होते."

राजाने तिला डाळिंब दिले, पण त्यातले चार दाणे आधी दुसऱ्या साळुंकीला खाऊ घालून पाहिले.

रात्रभर तो विचार करीत बसला. पक्षी खोटा असेल, दाई खोटी असेल, पण मुलगी खरी असली तर? दुसऱ्या दिवशी दुपारी तो तलवार उपसूनच बारवेत उतरला. अगदी खालच्या पायरीवर निळाई नावाची चेटकीण शेवाळ निवडत बसली होती. तिच्या मानेवर राजाला दगडांची रास दिसली.

"बघतोस काय? लोकांनी नावे टाकली, मी ठेवून घेतली, कुणाला परत केली नाहीत. तो माझा दोष," निळाई म्हणाली. "तुझे काम बोल."

"माझ्या मुलीचे नाव हवे."

"तीन हाका मार. आचाऱ्याला, मुलीला आणि दरवानाला. हाक खरी असेल तर दगड वर येईल, खोटी असेल तर आणखी खोल जाईल."

"दरवानाला का?"

"मुलीचा दगड त्याच्या दगडाखाली अडकला आहे."

राजा हसला, पण ते हसू चांगले नव्हते. "म्हणजे हा सगळा डाव त्याला सोडवण्याचा! तुला किती सोने मिळाले?"

"सोडव असे मी म्हटले का? हाक मार म्हटले. सूर्य कलला आहे, राजा."

राजाने तिघांना बोलावून घेतले.

पहिला आचारी आला. "तूपचोरा," राजाने हाक मारली. पाणी ढिम्म हलले नाही. राजा जरा गोंधळला आणि मग त्याने हळूच विचारले, "तुझे नाव काय?"

"सोनबा, महाराज. एकवीस वर्षे आपल्या मुदपाकात हेच आहे."

"सोनबा, तू सज्जन माणूस आहेस," राजा घाईने म्हणाला. दगड हातभर वर आला आणि गटकन खाली गेला.

"मग तूप कुठे गेले?" निळाईने विचारले.

राजाने ओठ चावला. "सोनबा. तू तूप चोरतोस. ते मला मुळीच आवडत नाही."

दगड तरंगत वर आला. पळीच्या जागी सुरकुतलेला, देवीचे वण असलेला चेहरा दिसला. राजा बघतच राहिला. "सोनबा, तू एवढा म्हातारा कधी झालास?"

"आपल्या डोळ्यांदेखतच, महाराज," सोनबा म्हणाला आणि नाक पुसू लागला.

मग कुंदा आली. राजाने तलवार दोघांच्या मध्ये आडवी धरली. "माझी मुलगी असशील तर सांग. तुझ्या मानेवर काय आहे?"

"मला माझी मान दिसत नाही, आबा. पण काकांचा शंख मी फोडला. वाजवायला गेले आणि हातातून पडला. तुकडे माझ्या उशीत आहेत. तुम्ही त्या दारावर रागावलात तसे माझ्यावरही रागवाल, म्हणून सांगितले नाही."

राजाच्या हातातली तलवार खाली झाली. सोंगाला एवढी भीती कुठून यायची?

"कुंदा," तो म्हणाला, "शंख तू फोडलास."

खोल पाण्यात एक लहान दगड हलला, वर यायला निघाला आणि मोठ्या दगडावर आपटून थांबला. टक् टक् असा आवाज सगळ्यांनी ऐकला. ऊन आता वरच्या तीनच पायऱ्यांवर उरले होते.

शेवटी बेड्या घातलेला दरवान आला. त्याच्या मानेवर उघडी दिंडी होती आणि तिच्यात सुदेव पडत होता. पडून संपत नव्हता, पुन्हा पुन्हा पडत होता. राजाच्या अंगाची आग आग झाली.

"केरोबा!" तो ओरडला. ती हाक नव्हती, शिवी होती. दगड जागचा हलला नाही.

राजाने मुलीकडे पाहिले. तिच्या मानेवरचा शंखही आता पुसट होत चालला होता. "केरोबा, मी तुला क्षमा केली," तो म्हणाला. पाण्याला उकळी फुटली आणि दगड आणखी खाली गेला.

"महाराज," त्या उघड्या दिंडीतून म्हाताऱ्याचा आवाज आला, "क्षमा नको. ती तुमच्या पोटात नाही. माझ्यासाठी लेकरापुढे खोटे बोलू नका."

राजाला त्या मानेकडे बघवेना, म्हणून त्याने नजर खाली वळवली. तिथे बेडीतले हात होते. उजव्या मनगटावर अर्धगोल, जुना वण होता.

"हा चावा कुणाचा?"

"धाकल्या महाराजांचा. मी तुम्हा दोघांना खांद्यावर घेऊन दरवाजाचे खिळे मोजायला लावायचो. त्यांना उतरायचे नव्हते, म्हणून चावले. दुधाचे दात होते."

राजाला आठवले. त्या खांद्याचा घामट वास आठवला, थंड लोखंडी खिळे आठवले, आणि आपणही उतरायला तयार नव्हतो हे आठवले.

"याच हातावर तू ते कडे चढवलेस?"

"याच हातावर."

"का?"

"हाव सुटली, महाराज. दुसरे कारण पुष्कळ शोधले. सापडले नाही."

तेव्हा राजा सगळ्यांसमोर रडला. भाऊ गेल्यापासून तो रडलाच नव्हता. नुसता संशय घेत होता. मग त्याने डोळे पुसले.

"केरोबा," तो म्हणाला. एक श्वास घेऊन तो थांबला. त्या थांबण्यात फक्त एक म्हातारा समोर उभा होता. "तू दार उघडलेस. माझा भाऊ मेला. त्या करणीचा मी मरेपर्यंत द्वेष करीन."

दगड वर आला. दिंडी मिटली आणि तिच्या जागी पिकल्या मिशांचा, ओल्या डोळ्यांचा चेहरा दिसला. त्याच्या मागोमाग लहान दगड बुडबुडे सोडत वर आला आणि राजाच्या पायाशी टेकला. वरच्या पायरीवरचे शेवटचे ऊन त्याच क्षणी गेले.

"महाराज, आता माझे काय?"

"तळघरात परत जाशील. शिक्षा आहे तीच."

"जी. पण पहारेकरी मला काय म्हणतील?"

"केरोबा म्हणतील."

म्हाताऱ्याने मुजरा केला आणि तो आपल्या पायांनी तळघराकडे गेला.

निळाईने तीन दिवस दगड वर काढून ज्याचे त्याला परत केले. शेवटचा दगड गेला तेव्हा तिच्या मानेवर साधासुधा, दमलेला चेहरा आला. प्रधानाला, पहारेकऱ्याला, ज्याला त्याला राजाने हाक मारली आणि आरशांवरची कापडे स्वतः ओढून काढली. नावे बुडवायची चाल मोडली. दरबारात नवी रीत पडली. आधी नाव घ्यायचे, मग एक श्वास थांबायचे, मग गुन्हा सांगायचा आणि शिक्षाही द्यायची. राजाचा संशय अगदी धुऊन निघाला असे मात्र समजू नका. पाणी तो अजून एकाकडून चाखवून घेई, पण त्या एकाचे नाव त्याला ठाऊक असे.

आणि त्या संध्याकाळी बारवेत काय झाले? राजाने लहान दगड उचलून छातीशी धरला आणि वर पाहिले. समोर कुंदा होती, नाक, गाल, सगळे जागच्या जागी. तिचा पुढचा एक दात पडला होता आणि ते त्याला माहीतही नव्हते.

"कुंदा," तो म्हणाला आणि एक श्वास थांबला. "शंख फोडलास आणि लपवलास. तीन दिवस झोपाळा बंद."

"चार दिवस करा, आबा," कुंदा म्हणाली, "पण पुन्हा एकदा हाक मारा."