दादाचं जाळं

पट्टीचा पोहणारा माणूस बुडतो कसा? पावसाळा सरताना दादा जाळं टाकायला गेला आणि तलावात बुडाला, तेव्हापासून मी साऱ्या वस्तीला हेच विचारत होतो. उत्तर कुणीच दिलं नाही.

थंडीत त्याच तलावाच्या अभयारण्यात पाहुणे पक्षी उतरले, तसे वृद्ध नावाडी तात्या मला होडी चालवायला शिकवू लागले. त्यांचा पहिला धडा असा, की पक्ष्यांजवळ होडी ढकलायच्या बांबूचासुद्धा आवाज होता कामा नये.

एकदा एक छायाचित्रकार आमच्या होडीत होता. हिमालयापलीकडून आलेला पट्टकादंब हंसांचा थवा घिरट्या घालत समोरच्या उथळ पाण्याकडे उतरू लागला. छायाचित्रकाराने कॅमेरा डोळ्याला लावला. पंजे पाण्याला टेकणार, तोच तात्या उठले आणि बांबू सपासप पाण्यावर आपटू लागले. सारा थवा उधळला.

"आजोबा, पक्षी दाखवायला आणलंत की हाकलायला?" छायाचित्रकार म्हणाला. "रात्रभर गाडी चालवत आलोय मी."

"तात्या, डोकं फिरलं का तुमचं?" मी बांबू हिसकावला. होडी डुचमळली.

"खाली बस," तात्या म्हणाले. "तिथे पाण्यात तुझ्या दादाचं जाळं आहे."

बुडालेल्याचं जाळं त्याच्या घरच्यानेच उचलायचं, दुसऱ्याने शिवायचंही नाही, ही आमच्या वस्तीची रीत.

"मग मला का नाही सांगितलं?"

"तेव्हा पाणी खोल होतं. ऐकल्या ऐकल्या तू उडी टाकली असतीस, आणि तुझ्या आईला तोंड मलाच दाखवायचं होतं. म्हणून मी वळसा घालत राहिलो. आता पाणी उतरलंय. तो कसा बुडाला हे मलाही ठाऊक नाही, पोरा. पण मालक गेल्याचं जाळ्याला कळत नाही. जो येईल त्याला ते धरतच राहतं. तूही पावसाळ्यापासून 'दादा बुडाला कसा' म्हणत भेटेल त्याला तसाच धरतोयस."

छायाचित्रकाराने कॅमेरा खाली ठेवला.

मी उडी टाकली नाही. होडी हळूहळू तिथे नेली. तात्यांनी माझ्याकडून बांबू घेऊन ती रोखून धरली, मी वाकून दोर चाचपला. जाळं शेवाळाने जड झालं होतं. गाठी दादाच्याच हातच्या होत्या. त्यात एक मासा अजून तडफडत होता, तो सोडला. सगळं जाळं होडीत ओढून घेतलं.

थवा अजून वर फिरत होता. मी बांबू परत घेतला, अलगद तळाला टेकवला आणि जराही आवाज न करता होडी मागे घेतली.