शलमोन मास्तरांचा नाताळ

"मग शास्त्रात कुठे आहे हा दिवस? एक वचन दाखवा, बाई. एकच."

तबीथाबाईंनी दाखवलं नाही. त्या वाटाणे सोलत होत्या.

समोर शलमोन उजागरे बसले होते. निवृत्त हेडमास्तर आणि चर्चच्या मंडळीचे पंच. तबीथाबाई जन्मभर दारोदार फिरून शास्त्र सांगत आल्या, म्हणून गाव त्यांना बायबलबाई म्हणतं. लहानपणी मास्तरांनी वचनं पाठ केली ती यांच्याच ओसरीवर. आज ते बाईंनाच शिकवायला आले होते. साठी उलटली की काही माणसांना ही खाज सुटतेच.

"पंचवीस डिसेंबर हा रोमी लोकांच्या सूर्यदेवाचा सण. मूर्तिपूजकांचा दिवस उचलला आणि वर प्रभूचं नाव चिकटवलं. मी पुराव्यानिशी बोलतोय."

"असेल."

"असेल नाही. आहे."

"बरं, आहे. तू आलास कशाला?"



"दीना माहेरी गेलीय."

दीना त्यांची सून. तिने पोरासाठी कामट्यांची चांदणी बांधली, लाल कागद लावला, दारात टांगली. मास्तरांनी ती उतरवून बंबात घातली. नातू बघत होता. दीना त्याला कडेवर घेऊन त्याच सांजेला खालच्या आळीत आईबापाकडे गेली. मागोमाग मुलगाही गेला. घरात उरले मास्तर, आणि मास्तरांचं बरोबर असणं.

"तुमचा शब्द ती मोडायची नाही. तेवढं समजवा तिला. मी चुकीचं काही बोललो नाही. पण पोरगं नसलं की घर खायला उठतं, बाई."

"जीभ जड झाली का रे हे म्हणताना?"

"झाली."

"बरं झालं."

बाईंनी पदराला हात पुसले. काठी घेतली, पायात चपला सरकवल्या. मास्तर ताडकन उठले. त्यांचा चेहरा उजळला. आपण जिंकलो, असं त्यांना वाटलं.

उंबऱ्यात बाई थांबल्या.

"मागल्या नाताळाला काय केलंस रे?"

"मी? काही नाही. मी पाळतच नाही."

"अख्खा दिवस काही नाही?"

"पहाटे उठलो. आतून कडी घातली. ती फेरी निघते ना हलगी वाजवत, तिचा आवाज नको म्हणून खिडक्यांत चादरी कोंबल्या. गॅस पेटवू दिला नाही. पोराला दूध तेवढं. मी कडक उपास धरला. दिवस मावळल्यावर जेवलो."

"दरसाल असंच?"

"दरसाल. ताप होता तेव्हासुद्धा चुकलो नाही."

"आणि सव्वीसला?"

"सव्वीसला काय? मटण आणलं. साधा दिवस तो."

बाईंनी मान हलवली. काठीवर दोन्ही हात ठेवले.

"फेरीवाले काय गातात रे?"

"दुसरं काय गाणार? येशू जन्मला."

"सूर्याचं काही?"

"त्यांना ठाऊक तरी आहे का!" मास्तर हसले. "त्या देवाचं नाव विचारा एकाला. दीनाला विचारलं, तर माझ्याकडेच बघत राहिली. म्हणे, मामा, असला देव असतो होय? डिसेंबर लागला की मी एकेकाला धरून सांगतो, घरोघरी कागद वाटतो. अख्ख्या मंडळीत त्याची आठवण ठेवणारा मी एकटा."



बाईंनी चपला काढल्या. काठी भिंतीला टेकवली. पुन्हा खाली बसल्या आणि वाटाण्याच्या शेंगांचं सूप पुढे ओढलं.

"हे काय? चला ना, बाई. अंधार पडेल."

बाईंनी एक शेंग फोडली. दाणे सुपात पडले.

"ख्रिस्ती घरची पोर आहे ती, शलमोन. जिथे सूर्याची पूजा चालते त्या घरात तिला कुठल्या तोंडाने पाठवू?"