नाकेदाराच्या मुठीतल्या अक्षतांची कहाणी

पाच अक्षता हातात घ्या, मूठ मिटा. मिटली का? मग ऐका मूठमाउली, तुमची कहाणी.

आटपाट नगर होतं. नगराला वेस होती, वेशीवर नाका होता, नाक्यावर केरबा नाकेदार होता. आल्यागेल्याचं गाठोडं सोडायचं, आत काय ते बघायचं, हे त्याचं काम. गवताच्या भाऱ्यात हात घाली, दुधाच्या चरवीत काठी घाली, नवरीच्या ट्रंकेत नाक घाली. वर्षात चोर सापडे एक. संशय मात्र रोज शंभरांवर.

घरी बायको सगुणा होती, एकुलती लेक यमुना होती. यमुना दहावीला गेली. मग नाकेदाराला घरातच नाका दिसायला लागला.

सकाळी उठे, तिचं दप्तर सोडी. दुपारी येई, टीव्हीच्या पाठीला हात लावी, गरम लागते का बघी. संध्याकाळी तिचं पेन उजेडाला धरी, शाई किती उतरली बघी. शाळेच्या घोरपडे बाई सकाळी भूमितीचा जादा तास घेत. नाकेदार म्हणाला, "फुकट कोण शिकवतं? आणि सकाळी सहाला कसला तास? वाटेत कोण भेटतं?" तिचा तास बंद केला.

सगुणा म्हणाली, "अहो, झडती नाक्यावर घ्या. माझ्या घरात नको."

"तू गप. तूच तिला सामील."

मग नाकेदाराला अक्कल सुचली. अक्कल कसली, अवदसा. देवघरातल्या वाटीतून तांदळाचे दाणे घेतले. भूमितीच्या पुस्तकात एक ठेवला, इतिहासाच्या ठेवला, विज्ञानाच्या ठेवला. कुठल्या पानात ठेवला ते मनात धरलं. पान उलटलं तर दाणा हलेल, नाही उलटलं तर जागीच राहील. रोज बघे. दाणा रोज हललेला. आज दहा पानं पुढं, उद्या वीस पानं पुढं. नाकेदार खूश झाला. मिशीला पीळ भरला. शेजाऱ्याला म्हणाला, "पोरगी वाचते. माझ्याकडं पुरावा आहे."

पौष आला, सराव परीक्षा आली. भूमितीत चाळिसांपैकी सहा मिळाले.

नाकेदार ओरडला, "सहा? अगं, दाणा तर रोज हलत होता!"

यमुना म्हणाली, "तुम्ही दाणा तपासत होता, बाबा. मी दाणा हलवत होते."

"आणि पुस्तक?"

"पुस्तकाचं कुणी विचारलं नाही."

शहाणा माणूस इथं थांबला असता. हा थांबला नाही. मैत्रिणींच्या घरी जाऊन उलटतपासणी केली. तिचं टेबल दाराकडं तोंड करून ठेवलं. न्हाणीत जास्त वेळ लागला तर कडी वाजवली. मग एके दिवशी जेवताना यमुनेनं ताट सरकवलं.

"मी परीक्षेला बसत नाही."

सगुणेच्या हातातला डाव तसाच राहिला.

"चांगले मार्क पडले तर म्हणाल कॉपी केली. कमी पडले तर म्हणाल उंडारली. मग बसू कशाला?"

त्या दिवसापासून पोर बोलेना. एक दिवस झाला, बोलेना. दोन दिवस झाले, बोलेना. तीन दिवस झाले, पुस्तकांवर धूळ बसली, दाणे जागच्या जागी राहिले.

इकडे नाक्यावर एक म्हातारी आली. अंगावर विटकं लुगडं, हातात गाठोडं नाही, डावी मूठ मिटलेली. नाकेदार म्हणाला, "म्हातारे, मुठीत काय?" ती म्हणाली, "अक्षता." तो म्हणाला, "उघड." म्हातारी माघारी गेली. दुसऱ्या दिवशी आली. "मुठीत काय?" "अक्षता." "उघड." माघारी गेली. तिसऱ्या दिवशी आली. नाकेदारानं मनगट धरलं, एकेक बोट सोडवलं. आत पाच दाणे निघाले.

नाकेदार म्हणाला, "हात्तिच्या! हे तर तांदूळ."

म्हातारी म्हणाली, "मेल्या, मुठीत होते तोवर अक्षता होत्या. तू उघडलंस, तांदूळ झाले. घरीही हेच करून आलास ना?"

नाकेदार चपापला. लगेच संशय आला. "माझ्या घरचं तुला कुणी सांगितलं? सगुणेनं पाठवली काय?"

"कुणी सांगायला कशाला हवं? तुझ्या तोंडावर लिहिलंय. आता एक वसा सांगते, घे."

"फुकट?"

"फुकट. म्हणूनच तुला जड जाईल. रोज दिवेलागणीला पाच अक्षता मुठीत धराव्या. लेकीपासून चार हातांवर भिंतीला पाठ लावून बसावं. मूठ मिटलेली तोवर अभ्यासाबाबत तोंड मिटलेलं, ती बोलली तरच बोलावं. किती झालं, विचारू नये. दप्तर सोडू नये. शेजारणीच्या पोराचं नाव काढू नये. गरम जेवू घालावं, वेळेवर निजू द्यावं. उतू नये, मातू नये, चोरून बघू नये. शेवटच्या पेपराला दिवसभर मूठ धरावी, पेपर संपला की सोडावी. तीही तिनं सांगितल्यावर."

"आणि फळ काय?"

"पेपर तिचा, फळ तिचं. तुला काय हवंय रे?" असं म्हणून म्हातारी वेस ओलांडून गेली.

नाकेदारानं वसा घेतला. मनापासून नाही घेतला. म्हणाला, बघू तरी काय लबाडी आहे. पुस्तकांतले तिन्ही दाणे काढले, देवघरातले दोन घेतले, कुंकू लावलं, मूठ मिटली, भिंतीला बसला. यमुनेनं एकदा बघितलं, पाठ फिरवली. तिलाही संशय. बापाचीच लेक ती.

पहिला दिवस गेला. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी कंटाळून तिनं पुस्तक ओढलं, उघडलं आणि त्यावरच डुलकी घेतली. नाकेदार ताडकन उठला, बोट रोखलं, "झोपलीस?" मूठ सुटली, दाणे घरभर झाले.

सगुणा म्हणाली, "झालं? तीन दिवस नाही निघाले तुमच्यानं. आणि पोरीनं वर्ष काढायचं."

नाकेदार खाली बसला. गुडघ्यांवर रांगत एकेक दाणा वेचला. यमुना बघत होती. पाचवा सापडेना. तिनंच टेबलाखालून काढून दिला. बोलली नाही. पण दिला.

मग पुन्हा पहिल्यापासून. आता मूठ घट्ट धरी. दाणे तळव्यात रुतत. पंधरा दिवस झाले. सोळाव्या दिवशी यमुनेनं भूमितीचं पुस्तक त्याच्यापुढं सरकवलं.

"बाबा, हे मला येत नाही. पहिल्यापासूनच येत नाही."

नाकेदाराच्या जिभेवर आलं, मग वर्षभर केलंस काय? मूठ आवळली. म्हणाला, "मला त्यातली रेघसुद्धा कळत नाही. कुणाला विचारायचं?"

"घोरपडे बाईंना. सकाळी सहाला."

नाकेदारानं भिंतीला पाठ आणखी टेकवली. मग म्हणाला, "जा."

सकाळी यमुना निघाली. हा मागोमाग निघाला. कोपऱ्यापर्यंत गेला, पाय पुढं ओढत होते. अक्षता सकाळी घ्यायच्या नसतात, तरी रिकामी मूठ मिटली आणि माघारी वळला. वळला खरा, पण दोनदा मागं बघितलं. माणूस आहे, देव नव्हे.

फाल्गुन आला, परीक्षा आली. केंद्राच्या फाटकावर मुलांची झडती चालली होती. एका बाईनं यमुनेचा कंपास उघडला, बाह्या चाचपल्या, पॅड उलटंपालटं केलं. नाकेदार फाटकाबाहेरून बघत होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या झडत्या घेतल्या, पहिल्यांदा झडतीकडं पाठ फिरवली.

शेवटचा पेपर सुटला. बाकीचे आईबाप धावले. "किती सोडवलास? तो प्रश्न आला का? पन्नाशी गाठशील ना?" यमुना आली. नाकेदार म्हणाला, "भूक लागली?"

ती म्हणाली, "विचारायचं नाही का काही?"

त्यानं मूठ पुढं केली. "तू सांगितल्याशिवाय सोडायची नाही, असा वसा आहे."

यमुना हसली. पौषापासून पहिल्यांदा हसली. म्हणाली, "सोडा, बाबा." त्यानं बोटं उघडली. पाच दाणे घामानं चिकटलेले, तळव्यात पाच खड्डे. तिनं ते वेचले आणि घरी जाऊन देवाला वाहिले.

निकाल लागला. यमुना पास झाली. पहिली आली नाही. आली म्हणून सांगितलं, तर तुम्हीच शंका घ्याल. भूमितीत बावीस मिळाले. पण ऐका, निकाल घेऊन पोर आधी मैत्रिणीकडं गेली नाही, आईकडं गेली नाही. भर उन्हात नाक्यावर गेली, आणि कुणी विचारायच्या आधी म्हणाली, "बाबा, बावीस. दोन प्रश्न सोडले. सांगू कुठले?"

नाकेदाराला हे फळ मिळालं. न विचारता सांगणारी लेक मिळाली. तो अजून गाठोडी सोडतो, पोटासाठी सोडावीच लागतात. बंद मूठ मात्र कुणाची सोडवत नाही.

जशी मूठमाउली नाकेदाराला पावली, तशी तुम्हांआम्हां पावो, घरोघरची लेकरं आपणहून बोलोत. आता मुठीतल्या अक्षता वाहा. वाहण्याआधी मोजू नका. साठां सवालांची कहाणी, पाचां दाण्यांनी, मिटल्या मुठी सुफळ संपूर्ण.