पिंजऱ्यातल्या कोंबड्या

एकदा एका डोंगरपायथ्याच्या वस्तीत रानमांजराने उच्छाद मांडला. मठीशेजारी राहणाऱ्या भागीरथीबाईंच्या परसातून कोंबड्या नाहीशा होऊ लागल्या. त्या कोंबड्यांवरच त्या एकट्या बाईचा चरितार्थ चाले. मठीतल्या वृद्ध बाबांचा शंभुनाथ नावाचा एक शिष्य होता. बाईंचे डोळे भरलेले पाहून तो म्हणाला, "मावशी, काळजी सोडा. चोराला मी धरतो."

त्याने लोहाराकडून भक्कम पिंजरा करून आणला. आमिष म्हणून एक जिवंत पिल्लू मागितले. बाईंनी मन घट्ट करून ते दिले. सकाळी रानमांजर पिंजऱ्यात सापडले होते. आतल्या जाळीमागे ठेवलेले पिल्लू मात्र भीतीने मरून पडले होते. शिष्याने रानमांजर दूरच्या रानात नेऊन सोडले. परतताना त्याला धन्य वाटत होते.

काही दिवसांनी पुन्हा एक कोंबडी गेली. या वेळी पिसांजवळ मुंगसाची पावले उमटली होती.

"मावशी, अजून एक पिल्लू द्या. यालाही धरतो," शिष्य म्हणाला.

बाई खाली मान घालून म्हणाल्या, "आता उरलीत ती एवढीच."

तेवढ्यात बाबा आले. त्यांनी उरलेल्या कोंबड्या आणि पिल्ले एकेक करून पिंजऱ्यात सोडली आणि दार लावून घेतले.

शिष्य गोंधळला. "बाबा, पिंजरा चोरासाठी आणला होता. यांना का कोंडता?"

"खुराड्याची मागची फळी बघ."

शिष्याने वाकून पाहिले. फळी कुजली होती; तळाशी सहज हात जाईल एवढे भोक पडले होते.

बाबा म्हणाले, "सकाळी तू धावत येऊन पिंजरा पाहिलास. खुराड्याकडे तुझी नजर गेलीच नाही. चोराला कोंडायला लोखंड आणि या जिवांना राखायला कुजकी फळी! मांजर नेलंस, मुंगूस आलं. उद्या आणखी कोणी येईल. रानाला भूक असणारच, तो त्याचा दोष नाही. पण शत्रूला धरायच्या नादात राखायचं कुणाला, हेच तू विसरलास. एक घास तर तू आपल्या हातानंच पुढे केलास."

शिष्य बाईंना म्हणाला, "मावशी, ते पिल्लू माझ्यामुळे गेलं."

"फळी माझ्याही ध्यानात आली नव्हती," बाई म्हणाल्या. "चहा घ्या, मग कामाला लागा."

दुपारपर्यंत खुराड्याला नवी फळी बसली. ती ठोकताना शिष्याने मुंगसाचे नावही काढले नाही.

संताप आधी चोर शोधतो. माया आधी भिंत चाचपते.