लाकडी हाताचा डाव

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी की त्या वेळच्या राजाचे नावही आता कुणाला आठवत नाही. नदीकाठच्या एका गावात जत्रेच्या दिवसांत सागरगोट्यांचा खेळ रंगत असे. एक गोटा वर उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचे उचलायचे आणि वरचा झेलायचा. झेल सुटला की डाव पुढच्याकडे. ज्याचा सुटे त्याला सगळे चिडवत, आणि तोही हसत असे.

त्या गावात एक तरुण विणकरीण राहत होती. तिची बालमैत्रीण लांबच्या गावी दिलेली. ती वर्षातून एकदाच, जत्रेला माहेरी येई. दोघींची भेट म्हणजे हा खेळ.

पण खेळाला एक म्होरकीण होती. रिंगणात बसायचे तर आपले गोटे रानातून आणायचे, असा तिचा नियम. दरवर्षी ती आकडा वाढवी. पाच गोट्यांचा खेळ टोपलीभर गोट्यांवर गेला. सागरगोट्याचे झुडूप काटेरी, शेंगाही काटेरी. रिकामटेकड्यांना ते जमे. विणकरणीचा मात्र माग थांबला की चूल थांबे.

म्हणून तिने सुताराकडून कळ दाबली की चालणारी एक लाकडी बाहुली करून घेतली. बाहुलीने रानात जाऊन टोपली भरून आणली. कुणी म्हणाले, ही लबाडी. कुणी म्हणाले, काट्यांचे ओरखडे काढून घेणे म्हणजे काय खेळ आहे का? पारावर खूप वाद झाला आणि दोन्ही बाजू आपणच जिंकलो असे समजून घरी गेल्या.

जत्रा आली. जत्रेत देवीला नेसवायचे वस्त्र विणकरणीच्या मागावर अजून अपुरेच होते. विणकरणीने विचार केला, गोटे हिने आणले, तर पहिला डावही हिनेच खेळावा. बाहुलीला रिंगणात बसवून ती मागाकडे परतली.

बाहुलीने गोटा उडवला, झेलला. पुन्हा उडवला, पुन्हा झेलला. लाकडी हात काही चुकेना. लोकांनी आधी वाहवा केली, मग जांभया दिल्या. चालत्या डावाला हात लावायचा नाही, असा रिवाज. त्यामुळे डाव पुढे सरकेचना. अशीच जत्रा सरत आली.

वस्त्र देवळात पोचवून विणकरीण धावत आली, तेव्हा मैत्रिणीची गाडी जुंपली जात होती.

"माझी पाळीच आली नाही गं," मैत्रीण म्हणाली. "तुझ्याशी हरायला एवढ्या लांबून आले होते मी. त्या लाकडाचं तोंड बघायला नव्हे."

विणकरीण तडक रिंगणात शिरली आणि बाहुलीने उडवलेला गोटा तिने वरच्या वर पकडला.

म्होरकीण संतापली. चालता डाव मोडलास, आता तुला इथे जागा नाही, असे तिने बजावले.

"नसू दे," विणकरीण म्हणाली. "बाहुली बसवली ही माझी चूक. पण बाई, पोट भरणाऱ्या माणसाला न परवडणारा खेळ तुम्ही केलात, तर माणसं बाहुल्याच पाठवणार. पाच गोट्यांत काय कमी होतं?"

म्होरकिणीने टोपलीतून पाच गोटे काढून मध्ये ठेवले आणि टोपली पायाने बाजूला सारली.

"बसा," ती हळूच म्हणाली. "या जत्रेत माझाही डाव आलेला नाही."

गाडीवानाने कुरकुरत बैल सोडले. मैत्रिणी समोरासमोर बसल्या. विणकरणीने गोटा उडवला. सवय मोडलेली, पहिलाच झेल निसटला आणि गोटा मैत्रिणीच्या गुडघ्यावर आपटला.

"यापेक्षा बाहुली बरी होती की," मैत्रीण म्हणाली.

सारे रिंगण हसले. विणकरीण तर डोळ्यांत पाणी येईतो हसली. कित्येक दिवसांचे ओझे उतरल्यासारखे तिला वाटले. तिने गोटे पुढे सरकवले. डाव मैत्रिणीकडे गेला.

त्या वर्षापासून पाच गोटे पुरू लागले. बाहुली बसवण्याची कुणाला गरजच उरली नाही.

यातून घ्यायचे ते एवढेच: खेळाचे ओझे करू नये, आणि ओझे झाले तरी आपला डाव दुसऱ्याच्या हाती देऊ नये.