राणीच्या नथीतला मोती

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं, तसं आत्याला कबूलही केलं होतं; पण राहवत नाही.

फार वर्षांपूर्वी एका चित्रशाळेत कुंचले स्वतःच रंगवायला शिकत. भिंतीवरच्या जुन्या तैलचित्रातल्या राणीची हुबेहूब नक्कल करायची, हाच तिथला धडा. नथीतला मोती बारीक टोकाच्या एका नव्या कुंचलीकडे आला होता. दोनदा तिने पांढराशुभ्र ठिपका दिला आणि दोनदा तो चुन्याच्या डागासारखा दिसला. आज चुकलं, तर तिची रवानगी चौकटींना सरस लावायला होणार होती. तिथून कुणी पुन्हा रंगात येत नसे.

"अगं, राणीकडे बघ की जरा!" रंग कालवायची सुरी म्हणाली.

"त्यात काय बघायचं? मोती पांढराच असतो."

"असं होय?" म्हातारा चपटा कुंचला हसला. "जा, नाक टेकवून बघ."

कुंचली चित्राला जवळजवळ चिकटली आणि तिचे केस ताठ झाले. मोत्यात पांढरा रंग नव्हताच! राखेसारखा करडा होता, कडेला गालाची लाली उतरली होती आणि मधे पिवळसर एकच कण. तेवढ्यावर तो इतकी वर्षं लखलखत होता.

"आजोबा, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"मलाही दोनदा चुकल्यावरच दिसलं, बाळ."

कुंचलीने नकलेच्या कापडावर करडा रंग लावला, लाली टेकवली आणि श्वास रोखून पिवळा कण ठेवला. मोती उजळला. आणि त्या उजेडात कापडावरच्या राणीचे ओठ जरासे— आत्या हाक मारतेय. आले गं!